नोकरी सांभाळून फॉरेन्सिक मानसिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे बहुतेक जण आधीच नोकरीत असतात: मनोरुग्णालयातल्या परिचारिका, एमएसडब्ल्यू झालेले समाजकार्यकर्ते, एम.ए. सायकॉलॉजी करून समुपदेशन करणारे, वकील, तुरुंग आणि पोलीस खात्यातले अधिकारी. त्यामुळे उत्तरंही महाराष्ट्रात नोकरी, घर आणि लोकलचा पास सांभाळून शिकू पाहणाऱ्यांसाठी आहेत.

या विषयात नेमकं काय शिकायचं असतं? गुन्हेगाराचं मन वाचायला शिकवतात का?

नाही. वेब सिरीजमधला, गुन्ह्याच्या जागी येऊन दोन मिनिटांत खुन्याचं वर्णन सांगणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून कोणी येत असेल, तर पहिल्या सत्रातच कंटाळा येईल.

मानसिक आजार आणि कायदा जिथे जिथे एकमेकांना भेटतात, ते सगळं या विषयात येतं. आरोपीला खटला समजतोय का? गुन्ह्याच्या वेळी त्याची मनःस्थिती काय होती? कच्च्या कैद्याला तुरुंगात औषधं मिळतात का? रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी कुठे न्यायचं? मृत्युपत्र करताना आजोबांना आपण काय करतोय ते कळत होतं का? घटस्फोटाच्या दाव्यात 'ती वेडी आहे' असं म्हटलं जातं, तेव्हा तपासायचं कोणी आणि कसं? यातलं बरंचसं काम रोजचं, कागदी आणि संथ असतं. खून-दरोडे त्यात थोडे.

मी कुठला अभ्यासक्रम निवडू?

आधी हे ठरवा की तुम्हाला कुठल्या खुर्चीत बसायचं आहे. रुग्णालय, तुरुंग, बाल न्याय मंडळ, न्यायालय आणि प्रयोगशाळा या पाच वेगळ्या जागा आहेत, आणि एका अभ्यासक्रमाने पाचही दारं उघडत नाहीत. लोक नेमकं उलट करतात. आधी फी भरतात, मग 'याने मला काय करता येईल' असं विचारत फिरतात.

मनोविकारतज्ज्ञांचा रस्ता सरळ आहे. एम.डी. किंवा डी.एन.बी. झाल्यावर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फॉरेन्सिक सायकियाट्रीची फेलोशिप आहे. पण ती पूर्णवेळ असते. दवाखाना चालवत करता येत नाही.

खरी गुंतागुंत मानसशास्त्रवाल्यांची. साधी एम.ए. सायकॉलॉजी म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. आजवर ती दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून मिळायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने एम.फिल. ही पदवीच बंद केली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. आरसीआयने आता एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी हा नवा अभ्यासक्रम आणला आहे. जुनी माहितीपत्रकं अजून फिरत असतात, त्यांच्यावर जाऊ नका. नोंदणीचा आग्रह एवढ्यासाठी की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम ३६७ मध्ये, आरोपी मनोरुग्ण आढळला तर त्याला सरकारी रुग्णालयातल्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगितलं आहे. तिथे 'फॉरेन्सिक डिप्लोमाधारक' असा शब्द नाही.

पूर्णवेळ शिकायची तयारी असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. २००९ मध्ये गुजरात सरकारने सुरू केलेलं हे विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झालं. फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदव्युत्तर पदवी तिथे आहे. त्यांची एक शाखा गोव्यात फोंड्यालाही आहे, पण कुठला वर्ग कुठल्या शाखेत भरतो ते त्या-त्या वर्षी विचारून घ्या. ही पदवी प्रयोगशाळा आणि तपासयंत्रणांच्या कामाला उपयोगी पडते. उपचार करायचे असतील तर आरसीआयचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

एमएसडब्ल्यू झालेल्यांची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते, आणि तेच सर्वांत जास्त बिचकतात. तुरुंग, निरीक्षणगृह, परिविक्षा (प्रोबेशन), पुनर्वसन ही सगळी त्यांच्या हातची कामं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय समाजकार्याच्या अंगाने शिकवतात. कैद्यांबरोबर काम करणारा तिथला 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून चालू आहे. पुण्यात ससूनच्या आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, सायकियाट्रिक सोशल वर्कसाठी तिचा विचार करा.

परिचारिकांसाठी मेंटल हेल्थ नर्सिंगमधली एम.एससी. किंवा सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा. वकील आणि पोलिसांनी मात्र एक गोष्ट मनाशी पक्की करावी: कुठल्याही छोट्या कोर्सने तुम्ही निदान करणारे होणार नाही. तज्ज्ञाचा अहवाल वाचून त्याला नेमके प्रश्न विचारता येणं, हीच तुमची कमाई.

नोकरी आहे. घरबसल्या ऑनलाइन करता येईल का?

पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले आहेत. 'इग्नूमधून एम.ए. सायकॉलॉजी करून घेतो आणि मग बघू' हा वर्षानुवर्षं दिला जाणारा सल्ला आता नव्या विद्यार्थ्याला लागू नाही. तरीही 'ऑनलाइन फॉरेन्सिक सायकॉलॉजी, सहा महिन्यांत पदव्युत्तर डिप्लोमा' अशा जाहिराती येतच राहतील. त्यांना एकच प्रश्न विचारा: मान्यता कोणाची? 'आंतरराष्ट्रीय' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

कायद्याची बाजू मात्र घरबसल्या भक्कम करता येते. इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. विद्यापीठांचे गुन्हेशास्त्राचे अभ्यासक्रमही आहेत. ज्याच्याकडे क्लिनिकल पात्रता आधीच आहे त्याने एवढं जरी केलं तरी खूप फरक पडतो.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेतली तर?

ऑस्ट्रेलियात हा विषय नोकरदारांसाठीच बांधलेला आहे. सिडनीचं न्यू साउथ वेल्स विद्यापीठ आणि मेलबर्नचं स्विनबर्न विद्यापीठ तो थोडा-थोडा करत पूर्ण करू देतात. शिक्षण दर्जेदार आहे. स्विनबर्नचं नातं तर व्हिक्टोरिया राज्याच्या फॉरेन्सिक मानसिक आरोग्य सेवेशी थेट आहे.

अडचण दुसरीकडे आहे. तिथला कायदा वेगळा, रुग्णालयांची रचना वेगळी, आणि त्या पदवीने इथे तुम्हाला आरसीआयची नोंदणी आपोआप मिळत नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक व्हायचा विचार असणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं की तिथे 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' ही पदवी नावापुढे लावायला कायद्याने नोंदणी लागते; नुसत्या एम.एससी.वर भागत नाही.

तिथे शिकवतात ती जोखीम-मूल्यमापनाची साधनं मात्र शिकण्यासारखी आहेत. एचसीआर-२० हे कॅनडातून आलेलं साधन घ्या. त्यात वीस मुद्दे: दहा भूतकाळाचे, पाच सध्याच्या मनःस्थितीचे, पाच पुढच्या व्यवस्थेचे. त्यातून 'हा माणूस धोकादायक आहे' असा शिक्का निघत नाही. कुठल्या परिस्थितीत धोका वाढेल आणि तो कमी करायला काय करावं लागेल, याची मांडणी निघते. पण त्याचे निकष दुसऱ्या समाजात घडलेले आहेत. आपल्याकडचा, एकत्र कुटुंबात राहणारा, शेतीचा हंगाम संपला की मजुरीसाठी बाहेर पडणारा माणूस त्यात जसाच्या तसा बसवू नका.

कायदा किती यावा लागतो? मी तर विज्ञान शाखेची.

वकिली करण्याइतका नको, पण आपलं वाक्य कुठल्या कलमाखाली वाचलं जाणार आहे एवढं तरी कळायला हवं. शिवाय १ जुलै २०२४ पासून तीनही मुख्य फौजदारी कायदे बदलले, त्यामुळे जुन्या नोट्स आणि नवे कलम-क्रमांक दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात. भारतीय दंडसंहितेतलं मनोविकाराच्या बचावाचं कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२. पुरावा कायद्यातलं तज्ज्ञाच्या मताचं कलम ४५ आता भारतीय साक्ष अधिनियमात ३९. न्यायालयात जुने खटले जुन्याच क्रमांकांनी चालू आहेत, म्हणून जुनं विसरूनही चालत नाही.

याच्या जोडीला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. हा मुळातून वाचा, कोणाच्या पीपीटीतून नको. कलम १०० पोलिसांना सांगतं की भटकणाऱ्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. कलम १०३ कैद्यांबद्दल आहे: प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना हवी. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं असतं.

'त्या वेळी भान नव्हतं' आणि 'आता खटला समजत नाही' हे एकच ना?

सर्वाधिक गल्लत इथेच होते, चांगल्या चांगल्या डॉक्टरांचीही.

न्याय संहितेचं कलम २२ फक्त गुन्ह्याच्या क्षणाबद्दल विचारतं: मनोविकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक किंवा बेकायदा आहे, हे त्याला कळत नव्हतं का? याचं मूळ इंग्लंडमध्ये १८४३ साली घडलेल्या मॅकनॉटन खटल्यात आहे. पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घालणारा मॅकनॉटन निर्दोष सुटला, त्यावर गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी जे निकष घालून दिले ते आपल्याकडे आजही चालतात. ही बाजू सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, मात्र सरकार पक्षाइतक्या कडक कसोटीवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या दह्याभाई ठक्कर प्रकरणात ते स्पष्ट केलं. स्किझोफ्रेनियाचं निदान आहे एवढ्याने कोणी सुटत नाही. वैद्यकीय आजार आणि कायद्यातलं भान हरपणं या दोन निराळ्या गोष्टी मानल्या जातात.

नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ३६७ आणि ३६८ आजबद्दल विचारतात. आरोपीला आरोप कळतो का, वकिलाशी बोलता येतं का, स्वतःचा बचाव करता येतो का? येत नसेल तर खटला थांबतो, उपचार होतात, सुधारणा झाली की पुन्हा सुरू होतो. गुन्ह्याच्या वेळी पूर्ण शुद्धीत असलेला माणूस आज खटल्यासाठी असमर्थ असू शकतो, आणि उलटही.

मी ज्याच्यावर उपचार करते, त्याच्याबद्दल न्यायालयाला अहवालही देऊ शकते का?

शक्यतो नको. लहान जिल्ह्यात एकच मनोविकारतज्ज्ञ असतो, तिथे इलाज नसतो हे मान्य. पण उपचार करणारी व्यक्ती रुग्णाच्या बाजूची असते आणि अहवाल लिहिणारी न्यायालयाची. एकाच तोंडाने दोन्ही बोलायला गेलं की रुग्णाचा विश्वास उडतो आणि न्यायालयाचाही.

मूल्यमापनाला बसताना पहिली पाच मिनिटं हे सांगण्यासाठी ठेवायची असतात: 'दादा, मी तुमचा इलाज करायला आलेलो नाही. न्यायालयाने मला तुमच्याशी बोलून लिहून द्यायला सांगितलंय. तुम्ही जे सांगाल त्यातलं मी अहवालात लिहू शकतो, आणि ते न्यायाधीश, सरकारी वकील, तुमचे वकील वाचतील. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ.' मग त्यालाच विचारायचं, मी काय म्हणालो ते तुमच्या शब्दांत सांगा. तो काय सांगतो ते जसंच्या तसं टिपायचं. पुष्कळदा अहवालातलं सगळ्यात कामाचं वाक्य इथेच मिळतं.

अहवाल लिहायला शिकवतात का?

चांगल्या अभ्यासक्रमात निम्मा वेळ यातच जातो. 'आरोपी भ्रमिष्ट वाटतो' असं लिहिलेला कागद उलटतपासणीत दोन मिनिटं टिकत नाही. त्याऐवजी असं: 'तारीख कोणती, या प्रश्नाला दोन्ही भेटींत बरोबर उत्तर दिलं. वकिलाचं काम काय, असं विचारल्यावर म्हणाला, ते मला पकडून देणाऱ्यांपैकीच आहेत. पहिल्या भेटीत आणि नऊ दिवसांनी, औषधं चालू असताना, उत्तर तेच.' दिसलं ते आधी, मत नंतर, आणि दोन्हींच्या मध्ये ठळक रेघ.

बचावाचे वकील काय विचारतील त्याचा सराव हवा. 'तुम्ही त्यांना एकूण किती वेळ भेटलात?' 'तेव्हा हवालदार खोलीत होता का?' 'तुम्ही वापरलेल्या चाचणीचे मराठी प्रमाणक, म्हणजे तुलनेचे गुण, आहेत का?' या तिन्हींची उत्तरं अहवालातच असतील तर साक्षीच्या दिवशी घाम फुटत नाही. आणि न्यायालयाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. 'त्याने खून केला असावा असं वाटत नाही' हे लिहिणं आपलं काम नव्हे.

बाल न्याय मंडळात या शिक्षणाचा उपयोग होतो का?

सध्या सर्वांत जास्त गरज तिथेच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ नुसार १६ ते १८ वयातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळाला प्राथमिक मूल्यमापन करावं लागतं: मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता, परिणामांची समज, आणि घटना घडली ती परिस्थिती. त्यावरून तो बालक म्हणून राहणार की प्रौढ म्हणून खटल्याला जाणार हे ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात होतं काय, तर निरीक्षणगृहातून मुलाला रुग्णालयात आणतात, बुद्ध्यांक चाचणी होते, आणि 'आय.क्यू. ९२, गुन्हा करण्यास सक्षम' असा एका ओळीचा कागद जातो. बुद्ध्यांकावरून परिणामांची समज ठरत नाही. घरी कोण आहे, शाळा कधी सुटली, कोणाबरोबर होता, ऐनवेळी 'नाही' म्हणायची सोय होती का, हे सगळं विचारायला दोन-तीन बैठका लागतात. हे मूल्यमापन म्हणजे खटला नाही, म्हणून 'तू केलंस का' हा प्रश्न त्यात येतच नाही.

नार्को आणि लाय डिटेक्टर शिकवतात का?

ओळख करून देतात. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत मानसशास्त्र विभाग आहे, तिथे हे काम चालतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मे २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ (म्हणजे लाय डिटेक्टर) आणि ब्रेन मॅपिंग करणं घटनाबाह्य ठरवलं. संमतीने केलं तरी चाचणीचा निकाल हा पुरावा होत नाही. त्यातून पुढे काही सापडलं तर तेवढंच ग्राह्य धरता येतं. या एकाच गोष्टीच्या ओढीने कोणी येणार असेल तर थांबावं.

अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा यांचं काय करायचं?

पाठ्यपुस्तकात यावर दोन परिच्छेद असतात, कामात रोज गाठ पडते. 'शेजारणीने करणी केली' हे वाक्य भ्रम असू शकतं, आणि अख्ख्या वाडीचा समजही असू शकतो. फरक करायचा तर घरच्यांना आणि गावातल्या दोघांना विचारावं लागतं: त्यांनाही तसं वाटतं का, की याचं बोलणं त्यांनाही विचित्र वाटतं? कधीपासून? झोप, जेवण, कामधंदा बिघडला का? जत्रेत वर्षातून एकदा अंगात येणारी आणि एरवी घर चालवणारी बाई आजारी नसते. दुसरीकडे, भगताने साखळदंडाने बांधून ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो, आणि तेव्हा तुमचा रुग्ण हाच पीडित असतो. हे सगळं अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत सांगितलं जातं. प्रमाण मराठीत उतरवताना मूळ शब्द अवतरणात ठेवा.

तुरुंगात प्रात्यक्षिक करायला मिळेल का?

संस्थेने परवानगी काढलेली असेल तरच. वैयक्तिक अर्ज टेबलाटेबलांवरून फिरत राहतात. मनोरुग्णालयातल्या प्रात्यक्षिकाची शक्यता जास्त; येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि न्यायालयाने पाठवलेले रुग्ण तिथे येतात. आत गेलात तर दोन नियम: कैद्याचा निरोप बाहेर न्यायचा नाही, आणि आपला मोबाइल नंबर द्यायचा नाही. कितीही दया आली तरी.

नोकरी, घर आणि अभ्यास जमतं का? रजा मिळते का?

सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. प्रवेश घेण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्या, नंतर घ्यायला गेलं की सेवापुस्तकात घोळ होतो. खासगीत सगळं वरिष्ठाच्या मर्जीवर. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांनी एकदम दोन विषय उचलू नयेत.

पगार वाढेल का?

लगेच नाही. सरकारी भरतीत 'फॉरेन्सिक मानसिक आरोग्य' नावाचं पद जवळपास दिसत नाही. मात्र मृत्युदंडाच्या प्रकरणांत आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन न्यायालयापुढे यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मनोज प्रकरणात सांगितल्यापासून असं काम करू शकणाऱ्यांना विचारणा होऊ लागली आहे.

प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला काय विचारू?

देखरेखीखालचे तास किती आणि देखरेख कोण करणार, नावानिशी. त्या व्यक्तीने न्यायालयात कधी साक्ष दिली आहे का. किती अहवाल लिहून तपासून मिळतील. प्रात्यक्षिकाची परवानगी कुठल्या संस्थेची आहे, तिचं पत्र दाखवा. मान्यतेचं पत्र चालू वर्षाचं आहे का. मध्येच सोडावं लागलं तर काय मिळतं आणि फी किती परत येते. ही उत्तरं फोनवर नको, ईमेलवर मागा.